इमारत उलटी वाचणारे आर्किटेक्ट

चीनमध्ये बायडू नावाची कंपनी आहे. इतरत्र गूगलचं जे स्थान, ते तिकडे साधारण हिचं. तिच्या ऑनलाइन नकाशात उपग्रहानं टिपलेली छायाचित्रंही पाहता यायची. शिनजियांग प्रांतातल्या काही ठिकाणी मात्र नकाशा मोठा करत गेलं की चित्राच्या जागी फिकट राखाडी चौकोन यायचा. आणखी जवळ गेलं की तोही नाहीसा व्हायचा. दहातल्या नऊ जणांनी 'नेट स्लो आहे' म्हणून खिडकी बंद केली असती.

ॲलिसन किलिंग यांनी ती बंद केली नाही. त्या जी जागा पाहत होत्या तिथे उइघुर आणि इतर मुस्लिम समाजांतल्या माणसांना डांबून ठेवायची छावणी आहे, हे आधीच ठाऊक होतं. मग माहीत असलेली दुसरी छावणी पाहिली, तिसरी पाहिली. तोच चौकोन. बिघाड इतका नेमका नसतो. कुणीतरी मुद्दाम झाकण ठेवलं होतं, आणि सगळ्या झाकणांची यादी करता आली तर त्यांच्याखाली काय काय दडलंय तेही शोधता येईल, हा त्यातून सुचलेला विचार.

किलिंग या ब्रिटिश आर्किटेक्ट, रॉटरडॅममध्ये त्यांचा स्टुडिओ. बातमीदार मेघा राजगोपालन आणि प्रोग्रॅमर क्रिस्टो बुशेक यांच्याबरोबर त्यांनी बझफीड न्यूज या अमेरिकी वृत्तसंकेतस्थळासाठी केलेल्या या कामाला २०२१ साली आंतरराष्ट्रीय वार्तांकनाचं पुलित्झर पारितोषिक मिळालं. बातमीदार आणि प्रोग्रॅमर यांचं काम चटकन लक्षात येतं. आर्किटेक्टचं तिथे काय काम, हे मला बरेच दिवस कळत नव्हतं. बातमी तयार झाली की तिच्यासोबत द्यायला सुबक नकाशे आणि थ्रीडी चित्रं लागतात, त्यासाठी घेतलं असेल, असा माझा समज होता. तो साफ चुकीचा निघाला, म्हणून हा लेख.

आर्किटेक्टचं रोजचं काम म्हणजे अजून नसलेली इमारत कागदावर उभी करणं. इमारतीचा आडवा काप घेऊन वरून पाहिलं की 'प्लॅन' मिळतो, उभा काप घेतला की 'सेक्शन'. वर्षानुवर्षं हे करताना त्या रेघांमधून मनानं चालत फिरायची सवय लागते. या दारानं आत आलो, उजवीकडे जिना, समोरच्या खोलीत जायला मात्र दोन दारं ओलांडायची. दुसरी सवय लागते ती 'का' विचारायची, कारण भिंतीला पैसे पडतात. हौस म्हणून कुणी सहा मीटर उंच भिंत घालत नाही. दाराची कडी बाहेरून असेल, खिडकी माणसाच्या डोक्याच्या वर असेल, तर तसं कुणीतरी सांगितलेलं असतं, कुणीतरी काढलेलं असतं आणि कुणीतरी त्याचं बिल पास केलेलं असतं.

शोधपत्रकारितेत हा प्रवास उलटा होतो. समोर उभी इमारत असते, किंवा आकाशातून काढलेलं तिचं चित्र. त्यावरून प्लॅन काढायचा, आणि प्लॅनवरून बांधणाऱ्याचा बेत. शिवलेला सदरा उसवून मूळ कापड कसं कापलं होतं ते पाहावं, तसंच काहीसं.

आता त्या राखाडी चौकोनांकडे परत जाऊ. इंटरनेटवरचा नकाशा हे एक अखंड चित्र नसतं. छोट्या चौकोनी तुकड्यांची ती फरशी असते. त्या तुकड्यांना टाइल म्हणतात. झूमची एक पायरी चढलं की एका टाइलच्या जागी चार येतात. टाइल्स सुट्या असल्यामुळे झाकलेल्या टाइल्स हुडकायचं काम संगणकाला सांगता येतं. तसं केल्यावर सबंध चीनमध्ये अशा सुमारे ५० लाख टाइल्स निघाल्या. लष्करी तळ, तुरुंग, वीजकेंद्रं, खाणी, शिवाय काही कारखानेसुद्धा. एवढं डोळ्यांनी तपासायला आयुष्य पुरलं नसतं.

इथे नगररचनेची अक्कल कामाला आली. शिनजियांग अवाढव्य आहे, आणि त्यातला बराच भाग वाळवंट नाहीतर डोंगर. हजारो माणसं कोंडायची जागा आडरानात चालत नाही. सिमेंट, सळई, क्रेन पोचायला रस्ता लागतो. पाणी आणि वीज लागते. पहारेकरी, स्वयंपाकी, कारकून रोज कामावर यायचे तर वस्ती जवळ हवी. धरून आणलेल्यांना पोचवायलाही चांगला रस्ता किंवा रेल्वे हवी. मग गावं आणि मोठे रस्ते यांच्या आसपासचीच ठिकाणं तपासायची ठरली आणि यादी सुमारे ५० हजारांवर आली. बायडूनं झाकलेल्या जागा इतरांच्या उपग्रहचित्रांत उघड्याच होत्या, त्यामुळे पुढचं पाहणं तिकडे झालं. झाकणानं लपवलं काहीच नाही, उलट पत्ता तेवढा सांगितला.

पण पत्ता मिळाल्यावर तिथे जे दिसतंय ते छावणी आहे की शाळा, गोदाम की लष्करी बरॅक, हे कसं ओळखायचं? वरून पाहिलं तर सगळ्या लांबट इमारतीच. माझ्या मते या सगळ्या कामाचा गाभा इथे आहे.

एखादं आवार डोळ्यांसमोर आणा. चौफेर जाड भिंत. भिंतीच्या कोपऱ्यांवर आणि मधे मधे ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्याची सावली भिंतीच्या सावलीपेक्षा लांब: हे टेहळणीचे मनोरे. भिंतीच्या आतून आणखी एक कुंपण. आत यायला एकच फाटक आणि त्याला लागून छोटी इमारत. आतल्या दोन इमारतींच्या मधे केसाएवढ्या बारीक रेघा, म्हणजे काटेरी तारांनी बांधलेल्या वाटा. या शेवटच्या खुणेपाशी जरा थांबू या. कारखान्यालाही भिंत असते, लष्करी तळालाही मनोरे असतात. ती व्यवस्था बाहेरच्याला आत येऊ न देण्यासाठी असते. एका इमारतीतून शेजारच्या इमारतीत जायची वाटच तारेनं बंदिस्त केलेली असेल, तर धास्ती आतल्या माणसांची आहे. एकटी खूण काही सिद्ध करत नाही. मनोरे, दुहेरी कुंपण, एकच फाटक, तारांच्या वाटा अशा खुणा एकत्र आल्या की आवाराचा हेतू कळायला लागतो.

सावलीचा उल्लेख आलाच आहे, तर तिचं गणितही सांगून टाकतो. शाळेत शिकलेली त्रिकोणमिती इथे चक्क उपयोगी पडते. चित्र कोणत्या तारखेला, किती वाजता आणि कुठलं काढलं हे माहीत असेल, तर त्या क्षणी सूर्य क्षितिजापासून किती अंश वर होता हे काढता येतं. समजा तो ३५ अंशांवर होता आणि सपाट जमिनीवर इमारतीची सावली २० मीटर लांब भरली. ३५ अंशांचा टॅन साधारण ०.७. वीस गुणिले ०.७ म्हणजे १४ मीटर उंची. एका मजल्याला साडेतीन मीटर धरले तर इमारत चार मजली. जमीन उतरती असेल किंवा उपग्रहाचा कॅमेरा तिरका असेल तर चूक होते, म्हणून एका सावलीवर कुणी भिस्त ठेवत नाही. वेगवेगळ्या दिवशीची चित्रं घेऊन पडताळतात. पृथ्वीवर नजर ठेवणारे बरेच उपग्रह स्थानिक वेळेनुसार सकाळी साडेदहाच्या सुमारास जातात. सूर्य ऐन डोक्यावर नसल्यामुळे सावल्या मिळतात, हे अशा कामात चांगलंच पथ्यावर पडतं.

चित्रांच्या बारकाव्यातही फरक असतो. युरोपीय अवकाश संस्थेच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रं कुणालाही फुकट मिळतात, पण त्यातला एक ठिपका जमिनीवरच्या १० मीटर बाय १० मीटर चौकोनाएवढा. त्यात मनोरा दिसायचा नाही. खासगी कंपन्यांच्या महागड्या चित्रांत ठिपका ३० सेंटिमीटरपर्यंत बारीक होतो, त्यात तारेच्या कुंपणाची सावलीही सापडू शकते. मग ढोबळ चित्राचा उपयोग काय? त्याची वारंवारता. दोन सेंटिनेल मिळून जवळजवळ दर पाच दिवसांनी त्याच जागेवरून जातात. शेताचा हिरवा तुकडा कधी तपकिरी झाला म्हणजे माती कधी उकरली, पाया कधी भरला, छप्पर कधी चढलं, हे महिन्याच्या अचूकतेनं सांगता येतं. बांधकामाचे टप्पे ज्यानं साइटवर उभं राहून पाहिलेत त्याला ते पटकन ओळखू येतात.

आणि तारखेला इथे फार महत्त्व होतं. २०१७ मध्ये उइघुर आणि इतर मुस्लिम समाजांतल्या लोकांना मोठ्या संख्येनं डांबायला सुरुवात झाली, तेव्हा घाईघाईनं शाळा, रुग्णालयं अशा इमारतींच्या छावण्या केल्या गेल्या. जुनी शाळा तशीच, फक्त तिच्या आवारात नव्या तारा. पुढे मात्र कायमस्वरूपी, मुद्दाम त्याच कामासाठी आखलेल्या इमारती उभ्या राहायला लागल्या. चीन सरकार यांना व्यवसाय-प्रशिक्षण केंद्रं म्हणत होतं, आणि डिसेंबर २०१९ मध्ये प्रांताच्या प्रमुखांनी सगळे प्रशिक्षणार्थी 'पदवी घेऊन' बाहेर पडल्याचं जाहीर केलं. वर्ग सुटले असतील तर नवे वर्ग कशाला बांधता? तारखा लावलेल्या उपग्रहचित्रांनी हाच प्रश्न विचारला. ऑगस्ट २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या बातमीनुसार २०१७ पासून बांधलेली, तटबंदी असलेली अशी २६० पेक्षा जास्त आवारं सापडली होती.

पुढच्या वर्षी याच चमूनं आणखी एक गोष्ट केली, आणि मला ती सगळ्यात जास्त 'आर्किटेक्टी' वाटते. प्रश्न साधा: या इमारतींत माणसं मावतील तरी किती? ओळखलेल्या इमारतींच्या पायाचं क्षेत्रफळ मोजायचं आणि मजल्यांनी गुणायचं, की एकूण बांधकाम किती ते कळतं. मग चीनचीच तुरुंग आणि कोठड्या बांधण्याची सरकारी मानकं घ्यायची. कोणत्याही देशात अशी मानकं असतात: दरडोई किती जागा, कोठडी केवढी, कर्मचाऱ्यांसाठी किती. त्या मापानं भागलं तर उत्तर आलं एका वेळी किमान १० लाख १० हजार माणसं. शिनजियांगच्या लोकसंख्येच्या हिशेबात दर पंचवीस माणसांमागे एकाहून जास्त. हा आकडा कोंडलेल्या माणसांचा नाही, जागेचा आहे, हे विसरून चालणार नाही. पण माप त्यांचंच, नियम त्यांचाच, भिंतीही त्यांच्याच. सुटून आलेल्यांनी तर खोल्या खच्चून भरलेल्या असायच्या असं सांगितलं होतं. एखादा कार्यकर्ता 'दहा लाख' म्हणाला तर त्याला खोटं पाडता येतं. बांधकामाच्या चौरस फुटांना खोटं पाडायला बांधकामच पाडावं लागेल.

तरीही छप्पर छप्परच असतं. खाली कोण आहे, त्याला का आणलंय, त्याच्याशी कसं वागतात, हे उपग्रहाला कळत नाही. त्यासाठी माणसाशी बोलावं लागतं. राजगोपालन यांना २०१८ नंतर चीनमध्ये राहून काम करता येत नव्हतं, म्हणून त्यांनी शेजारच्या कझाकस्तानात जाऊन छावण्यांतून सुटून आलेल्यांच्या मुलाखती घेतल्या. एक माणूस सांगतो, फाटकातून आत आल्यावर गाडी डावीकडे वळली, मग लांब बोळ, खिडकीतून समोर निळं छप्पर दिसायचं. (हे उदाहरण माझं, नमुन्यादाखल.) आर्किटेक्टकडे त्या आवाराचं वरून काढलेलं चित्र असतं. निळं छप्पर दिसेल अशी खिडकी कोणत्या बाजूला असू शकते? मग ती खोली कोणत्या मजल्यावर? आठवण आणि भिंती एकमेकींना जुळतात की नाही, हे तपासता येतं. शिनजियांगमधल्या मंगोलकुरे इथल्या एका छावणीची आतून-बाहेरून थ्रीडी प्रतिकृती त्यांनी साक्षी आणि उपग्रहचित्रं यांची सांगड घालूनच उभी केली.

प्रतिकृतीचा हा उपयोग किलिंग यांच्या आधीपासून होत आला आहे. एयल वाइझमन या आर्किटेक्टनं २०१० मध्ये लंडन विद्यापीठाच्या गोल्डस्मिथ्स कॉलेजात 'फॉरेन्सिक आर्किटेक्चर' नावाचा गट सुरू केला. आर्किटेक्ट, प्रोग्रॅमर, पत्रकार, वकील, चित्रपट करणारे असे सगळे एका टेबलाभोवती. त्यांचं सीरियातल्या सैदनाया तुरुंगावरचं २०१६ चं काम मला विसरता येत नाही. दमास्कसच्या उत्तरेला असलेल्या या तुरुंगात वर्षानुवर्षं कुणा पत्रकाराला किंवा निरीक्षकाला पाऊल टाकता आलं नव्हतं. बाहेरून उपग्रहचित्र होतं, आतलं काहीच नाही. सुटून आलेल्या कैद्यांनीही फारसं काही पाहिलेलं नव्हतं, कारण त्यांचे डोळे बांधलेले असायचे किंवा ते अंधारात असायचे.

पण त्यांनी ऐकलेलं होतं. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलच्या सोबतीनं हा गट इस्तंबूलमध्ये त्या माणसांना भेटला. आर्किटेक्ट संगणकावर खोली काढणार, साक्षीदार दुरुस्त करणार: दार याहून बुटकं होतं, झरोका जरा वर घ्या. ध्वनीवर काम करणारे कलाकार लॉरेन्स अबू हमदान यांनी कमी-जास्त घुमणारे आवाज ऐकवून विचारलं, यातला कोणता तुमच्या बोळातल्यासारखा वाटतो? आवाज किती घुमतो यावर जागा केवढी हे ठरतं, म्हणजे कानांनीच खोलीचं माप घेतलं म्हणायचं. गंमत अशी, की खोली जसजशी पूर्ण होत गेली तसतसं साक्षीदारांना आणखी आठवत गेलं. जुन्या घराच्या ओट्यावर बसलं की विसरलेली माणसं आठवायला लागतात, तसंच. फक्त इथलं घर भयाण होतं.

या गटाचं दुसरं काम अगदी छोट्या जागेचं. जर्मनीतल्या कासेल शहरात ६ एप्रिल २००६ रोजी एका इंटरनेट कॅफेत हालित योझगात या २१ वर्षांच्या तरुणाचा निओ-नाझी टोळीनं गोळ्या घालून खून केला. कॅफे ७७ चौरस मीटरचा. खून झाला त्या सुमारास तिथल्याच एका संगणकावर जर्मन गुप्तचर खात्याचा एक कर्मचारी बसलेला होता. त्याचं म्हणणं, मी काही ऐकलं नाही, काही पाहिलं नाही. काउंटरवर नाणं ठेवलं आणि निघून गेलो. योझगात त्याच काउंटरमागे पडला होता. कर्मचारी तिथून कसा बाहेर पडला याचं पोलिसांनी त्याच्याकडून करवून घेतलेलं प्रात्यक्षिक व्हिडिओवर होतं आणि तो व्हिडिओ फुटला.

फॉरेन्सिक आर्किटेक्चरनं २०१७ मध्ये बर्लिनमध्ये कॅफेचा आतला भाग खऱ्या मापात, भिंतीला भिंत ठेवून उभा केला. संगणक आणि फोनच्या नोंदींवरून ९ मिनिटं २६ सेकंदांचा काळ आखला: कोण कुठे बसलं होतं, कोण केव्हा उठलं. मग तीन प्रश्न घेतले, कान, नाक आणि डोळे. सायलेन्सर लावलेल्या पिस्तुलाचा आवाज त्या खुर्चीपर्यंत किती पोचेल? दारूगोळ्याचा वास पोचेल का? आणि त्या उंचीच्या माणसानं काउंटरवर नाणं ठेवताना खाली पाहिलं तर त्याच्या नजरेच्या टप्प्यात देह येतो का? हा तिसरा प्रश्न म्हणजे शुद्ध सेक्शन आहे. डोळ्याची उंची, काउंटरची उंची आणि रुंदी, मागच्या जमिनीवरचा बिंदू; एक सरळ रेघ. गटाचा निष्कर्ष होता की कर्मचाऱ्याचं म्हणणं या जागेत बसत नाही. न्यायालयानं मात्र तोवर त्याची साक्ष विश्वासार्ह मानलेली होती.

बैरूतच्या बंदरात ४ ऑगस्ट २०२० ला झालेल्या स्फोटाचंही असंच काम त्यांनी केलं. लोकांनी टाकलेले व्हिडिओ जुळवून, धुराचे आकार मोजून, १२ नंबरच्या गोदामात २,७५० टन अमोनियम नायट्रेटच्या पोत्यांशेजारी फटाके आणि टायर कुठे रचले होते याचा प्लॅन. त्यावर खरं तर वेगळं लिहायला हवं.

एक खटकणारी गोष्टही सांगतो. प्रतिकृती फार पटकन पटते. पडद्यावर गुळगुळीत भिंती, हळूच आत शिरणारा कॅमेरा, आणि पाहणाऱ्याला वाटतं की आपण तिथे जाऊन आलो. त्यातली कोणती भिंत मोजलेली, कोणती साक्षीदारानं सांगितलेली आणि कोणती केवळ 'असावी' म्हणून घातलेली, हे वेगळ्या रंगानं किंवा पुसट रेघेनं दाखवलेलं नसेल तर ते चित्र पुरावा कमी आणि सजावट जास्त. बांधकामाच्या ड्रॉइंगमध्ये न दिसणारी कड तुटक रेघेनं काढायची, हे आर्किटेक्टला पहिल्याच वर्षी शिकवतात. तीच तुटक रेघ पत्रकारितेतही हवी. पुष्कळ वाहिन्यांवरच्या चकचकीत ॲनिमेशनमध्ये ती मला दिसत नाही.

शिनजियांगच्या बातमीत ती होती, रेघेच्या नाही तर आकड्यांच्या रूपात. नव्यानं बांधलेली २६८ आवारं त्यांनी दोन गटांत मांडली. ९२ ठिकाणांना दुसरा आधार मिळाला होता: सरकारी निविदांची कागदपत्रं, अभ्यासकांचं संशोधन, आणि त्यांतल्या १९ ठिकाणी तर पत्रकार स्वतः जाऊन आले होते. उरलेल्या १७६ ठिकाणांविषयी त्यांनी स्पष्ट लिहिलं की ही केवळ उपग्रहचित्रांवरून ओळखली आहेत.